पद्मिनीचे सुटे भाग : काय साठवावे आणि काय साठवू नये?

घाटमाथा :
माझ्या मामांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार गेल्या वर्षी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या तीन ट्रंकाही आल्या. १९८५ पासून जवळजवळ वीस वर्षे, कामासाठी मुंबईला जाणे होईल तेव्हा तेव्हा, मामांनी ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून आणि कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणून त्यांत भरून ठेवले होते. ‘गाडीची चिंता नाही, ट्रंकेत सगळे आहे’ हे त्यांचे वाक्य आम्ही भाचरांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या तिन्ही ट्रंका अंगणात उघडल्या आणि जे दिसले त्यामुळे हा धागा काढत आहे.

पहिल्या ट्रंकेत मामांच्या दृष्टीने सर्वांत निकडीच्या वस्तू होत्या : ब्रेकची किटे, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज पाइप, पेट्रोल पंपाचे (म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनकडे ओढणाऱ्या, गाडीतल्याच पंपाचे) डायफ्रॅम म्हणजे पातळ रबरी पडदे, ऑइल सील. त्यांतले जवळजवळ काहीही उपयोगाचे राहिलेले नाही. ब्रेक किटातल्या रबरी वाट्या नखाने दाबल्या तर दबत नव्हत्या, बेल्ट ज्या ठिकाणी दुमडले होते तेथेच तडकले होते आणि एक डायफ्रॅम हातात घेताच वाळलेल्या पानासारखा मोडला. दुसऱ्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बेअरिंगे होती. कागदाने पावसाळ्यातली ओल शोषून घेतली असावी, कारण कागद जेथे जेथे चिकटला होता तेथे गंजाचे नेमके ठसे उमटले होते. तिसरी ट्रंक मात्र मामा ‘किरकोळ’ म्हणत असत. तिच्यात मागच्या दिव्यांची लाल-पिवळी भिंगे, दारांच्या मुठी, काच वरखाली करण्याची यंत्रणा, दोन डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची झाकणे), पॉइंटचे (त्याच भागात उघडझाप करून ठिणगी घडवणाऱ्या संपर्कांचे) पाच संच, वीज तयार करणाऱ्या डायनॅमोचे कार्बन ब्रश, स्टिअरिंगजवळच्या गिअर दांड्याच्या जोडण्या आणि ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेला, मागच्या चाकांना गती देणाऱ्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचा एक जोड होता. यांतली एकही वस्तू खराब झालेली नाही, आणि यांतल्या निम्म्या वस्तू आज शोधूनही सापडत नाहीत.

मामा चुकले असे मला म्हणायचे नाही. १९६४ साली प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात सुरू झालेली फियाट ११००-डी पुढे १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी या नावाने, थोड्याफार फरकांनी, २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. एवढ्या दीर्घ काळात एकाच गाडीचे भाग लागत राहिले, आणि ते मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना लागत राहिले. टॅक्सीला रोजचा धंदा असल्यामुळे भाग स्वस्त हवा, जवळ हवा आणि आजच्या आज हवा, आणि या तीन गरजांवर बाजार उभा होता. खासगी गाडीवाल्यांना त्याचा आयता लाभ मिळाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून कायमची हटली. आपली खरी कोठी मामांच्या ट्रंका नव्हत्या, मुंबईच्या टॅक्सी हीच आपली कोठी होती. ती बंद झाल्यावर ट्रंकेत काय ठेवावे, हा हिशेब नव्याने मांडला पाहिजे असे मला वाटते.

माझा कच्चा हिशेब असा आहे. रस्त्यात अडकवणारे भाग वेगळे आणि पुन्हा न मिळणारे भाग वेगळे. पहिले डिकीत हवेत, ताजे आणि थोडे. दुसरे घरी हवेत, आणि ते जुने असले तरी चालतात. मामांनी या दोहोंची सरमिसळ केली होती. जाणकारांचे मत काय?

दहाअकराचा पाना :
घाटमाथा, वर्गीकरण मान्य आहे. पण ‘ताजे’ या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. मी पस्तीस वर्षे गॅरेज चालवले आणि त्यातली पहिली वीस वर्षे प्रामुख्याने याच गाड्यांवर गेली. माझा अनुभव असा की, दुकानातून आणलेला कोरा भाग हा सुटा भाग नव्हेच. तो गाडीवर चढवून दोनशे किलोमीटर चालवावा, आणि त्या जागी जो जुना पण चालता भाग निघाला तो चिठ्ठी लावून डिकीत ठेवावा. आज मिळणाऱ्या लोकल कंडेन्सरांच्या (पॉइंटवरची जास्तीची ठिणगी शोषून घेणाऱ्या छोट्या डब्यांच्या) बाबतीत हा नियम मी डोळे मिटून पाळतो, कारण त्यांतले काही पहिल्याच तापलेल्या घाटात मान टाकतात.

कंडेन्सर गेल्याची खूण फसवी असते. गाडी थंड असताना नीट सुरू होते, इंजिन तापले की खोकू लागते आणि बंद पडते, अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू होते. पेट्रोल पंपात वाफ धरली तरी नेमके असेच होते, म्हणून लोक पंपावर ओले फडके टाकून बसतात. (घाटात बॉनेट उघडे टाकून पंपावर फडके पिळणारे पद्मिनीवाले हे एके काळी नेहमीचे दृश्य होते.) अशा वेळी फडक्याच्या आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढावी आणि किल्ली फिरवून पॉइंटमध्ये पडणारी ठिणगी पाहावी. ती मोठी, पांढरट आणि आवाज करणारी असेल, आणि पॉइंटवर एका बाजूला खड्डा व दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलेले असेल, तर कंडेन्सर बदलावा.

याहून सोयीचा मार्ग म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) आणि कॅप यांसह पूर्ण जुळवलेला एक जास्तीचा डिस्ट्रिब्युटर जवळ बाळगणे. रात्री पावसात टॉर्च दातात धरून पॉइंटचे अंतर लावण्यापेक्षा पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलणे पुष्कळ सोपे. काढण्यापूर्वी बुडाच्या आणि रोटरच्या जागेवर खूण करून ठेवावी म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हलत नाही. प्लगांच्या वायरींचा क्रम १-३-४-२ हा कॅपच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा.

घाटमाथा :
काका, हे वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. सहा महिन्यांपूर्वी साताऱ्याहून परत येताना खंबाटकीत मी अगदी हेच केले होते. तीन वेळा फडके भिजवले, दोन बाटल्या पाणी संपवले, शेवटी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. एका नामांकित म्हणवणाऱ्या दुकानातून आठच दिवसांपूर्वी नवा कंडेन्सर घेऊन बसवला होता आणि चालता जुना मी तेथेच कचऱ्यात टाकून आलो होतो.

रबरी :
मी रबराच्या कारखान्यात आयुष्य काढले आहे, म्हणून पहिल्या ट्रंकेविषयी लिहितो. रबर वापरल्याने झिजते एवढेच लोकांना माहीत असते. पडून राहिल्यानेही ते म्हातारे होते हे ट्रंक उघडल्यावरच कळते. हवेतला प्राणवायू आणि उष्णता त्याला हळूहळू कडक करतात, आणि ओझोन तर ताणलेल्या रबरावर नेमका ताणाच्या जागी चिरे पाडतो. म्हणून दुमडून ठेवलेला किंवा खिळ्याला टांगलेला बेल्ट वाकलेल्या ठिकाणीच तडकतो. बेल्ट सैल वेटोळ्यात, आडवा ठेवावा. रबरी वस्तूंना शंखजिऱ्याची पूड चोळून त्या काळ्या पिशवीत बंद कराव्यात आणि पिशवी घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या जागी ठेवावी; पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. मोटारपंपाच्या किंवा वेल्डिंगच्या शेजारीही ठेवू नये, कारण ठिणग्यांजवळ ओझोन तयार होतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो ब्रेकशी संबंधित आहे. सगळे काळे रबर एकच नसते. ब्रेकच्या वाट्या ज्या रबराच्या असतात त्याला ब्रेक ऑइल चालते. पण इंजिन ऑइल, ग्रीस किंवा पेट्रोल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. पेट्रोलच्या नळीचे आणि ऑइल सीलचे रबर वेगळे, त्याला तेल चालते. जुन्या लोकांना प्रत्येक वस्तूवर तेलाचा हात फिरवून ठेवण्याची सवय असते; ती बेअरिंगसाठी योग्य आणि ब्रेक किटासाठी घातक. तेलकट फडक्यात गुंडाळलेले ब्रेक किट नव्यासारखे दिसत असले तरी चाकात बसवू नये. बसवताना बोटाने ब्रेक ऑइलच लावावे.

तिसरे, पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९८५ साली बनलेल्या डायफ्रॅमने किंवा नळीने ते कधी पाहिलेलेही नाही. जुन्या साठ्यातला डायफ्रॅम तडकलेला नसला तरी या पेट्रोलात तो किती दिवस काढील याची हमी कोणीही देऊ नये. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येतो. पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी, नवी घ्यावी आणि डायफ्रॅम दर दोन वर्षांनी बदलावा. थोडक्यात, रबराचा साठा करूच नये; एक संच गाडीत, एक डिकीत, आणि पिशवीवर खरेदीचा महिना व वर्ष. ब्रेकच्या रबराला मी स्वतः पाच वर्षांपलीकडे हात लावत नाही.

डुक्करफियाट :
माझ्याकडे पद्मिनीची आजी आहे, म्हणजे पुढची दारे उलटी उघडणारी १९५६ सालची ‘डुक्कर’ फियाट. त्यामुळे सुट्या भागांच्या टंचाईविषयी मला कोणी सांगू नये. पद्मिनीवाल्यांची टंचाई पाहून मला त्यांचा हेवा वाटतो. तरीही या धाग्याचा सूर मला खटकतो. ज्या वस्तू पुन्हा मिळत नाहीत त्या घरी साठवा, असा सल्ला प्रत्येकाने पाळला म्हणून तर त्या वस्तू मिळत नाहीत! मला एका दारासाठी एक मूठ हवी होती. ती मला चार वर्षे मिळाली नाही, आणि मग कळले की माझ्याच गावातल्या एका गृहस्थांकडे अशा सात मुठी आहेत, त्यांची स्वतःची गाडी दहा वर्षांपूर्वी विकली गेलेली आहे आणि मुठी ते विकत नाहीत. साठा म्हणजे गाडीची काळजी, हे समीकरण मला मान्य नाही. पुष्कळदा तो गाडी न चालवण्याचा एक सभ्य मार्ग असतो.

दहाअकराचा पाना :
रागावू नका, पण तुमचा मुद्दा अर्धाच खरा आहे. मुठी कोणी साठवल्या नसत्या तर त्या भंगारात वितळल्या असत्या. टॅक्सी मोडीत निघत होत्या तेव्हा मी डोळ्यांनी पाहिले आहे. चांगली दारे, चांगल्या काचा, सगळे पत्र्याच्या भावाने गेले.

डुक्करफियाट :
वितळल्या असत्या हे खरे. पण सात कशाला?

उद्यमनगर :
सातचे उत्तर माझ्याकडे नाही, पण दुसऱ्या एका साठ्याविषयी सांगतो, ज्याला पैसे लागत नाहीत आणि जागाही लागत नाही. तो म्हणजे मापांचा साठा. आपण जे भाग ‘पद्मिनीचे’ म्हणून शोधतो त्यांतले अनेक भाग पद्मिनीचे नसतातच. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक सांगितला की बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात ते मिळते. त्याला गाडीचे नाव सांगण्याची गरज नाही. ऑइल सीलची ओळख आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन आकड्यांत संपते. बेल्टवर लांबी आणि रुंदी छापलेली असते, बल्बवर व्होल्ट आणि वॅट. गाडी ज्या दिवशी खोलली जाईल त्या दिवशी व्हर्निअर घेऊन शेजारी बसावे आणि प्रत्येक सील, बेअरिंग, बुश यांचे आकडे वहीत उतरवावेत. माझ्या वहीची सोळा पाने झाली आहेत, आणि त्या सोळा पानांनी एका ट्रंकेची जागा घेतली आहे.

जे भाग खरोखर पद्मिनीचेच आहेत त्यांच्यासाठी आमच्या कोल्हापूरसारख्या गावात लेथवाले आणि फाउंड्रीवाले आहेत. पण लेथवाल्यापुढे नुसते वर्णन करून भागत नाही, त्याला हातात धरायला नमुना लागतो. म्हणून मोडका भाग टाकू नये. तुटलेली दांडी, झिजलेला बुश, फुटलेली पंपाची बॉडी, हे सगळे एका पोत्यात ठेवावे आणि त्यावर ‘भंगार’ असे न लिहिता ‘नमुने’ असे लिहावे, नाही तर घरातली मंडळी दिवाळीच्या साफसफाईत ते देऊन टाकतात. (माझ्याकडे हे एकदा घडले आहे.) व्हील सिलिंडरला (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याला) आतून खड्डे पडले तर तोही फेकू नये, आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणला तर तो बाजारातल्या नव्या लोकल सिलिंडरपेक्षा अधिक टिकतो. मात्र हे काम ज्याने आधी केले आहे अशाच माणसाकडून करून घ्यावे, कारण ब्रेकवर प्रयोग करायचा नसतो.

कोकणकाठ :
रत्नागिरीत चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे दुसऱ्या ट्रंकेची गोष्ट आमच्याकडे घरोघरी घडते. वर्तमानपत्र टाळावे, बेअरिंग कंपनीच्या मूळ वेष्टनात असेल तर ते उघडूच नये, आणि उघडले असेल तर भरपूर ग्रीस भरून प्लॅस्टिकमध्ये बांधावे. हल्ली गंजरोधक कागद मिळतो, तो लोखंडी भागांना चांगला. ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यापूर्वी तव्यावर गरम करून पुन्हा आत टाकाव्यात. क्लच प्लेट आणि ब्रेक शू यांच्या अस्तराला मात्र तेलाचा किंवा ग्रीसचा डागही लागू देऊ नये, ते कोरडेच ठेवावे. हेड गॅस्केट खिळ्याला टांगू नये, प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये सपाट ठेवावे. काच याच्या उलट : समोरची काच कधीही आडवी ठेवू नये, खाली घोंगडीची पट्टी घालून उभीच ठेवावी. आडव्या काचेवर कोणी तरी काही तरी ठेवतेच.

तोरिनोकर :
मी इटलीत तोरिनोला राहतो, म्हणजे फियाटच्या माहेरी. येथे ११००-डी १९६२ ते १९६६ एवढीच वर्षे बनली, पण जुन्या फियाट जपणारे लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे काचांची बीडिंगे, दारांची रबरे, इंजिनाची पॅकिंगे नव्याने बनवलेली मिळतात. भारतातून मागवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. येथील गाड्या डाव्या चालकाच्या, म्हणून स्टिअरिंग, वायपर आणि पेडल यांच्या आसपासचे भाग जुळतीलच असे नाही. आणि कुर्ल्यात पुढच्या काळात जे बदल झाले त्यांचा येथील दुकानदारांना पत्ता नसतो. म्हणून ‘पद्मिनीसाठी हवे’ असे न विचारता उद्यमनगर म्हणतात तशी मापे आणि जुन्या तुकड्याचा आडवा छेद कागदावर काढून पाठवावा.

दहाअकराचा पाना :
कुर्ल्यातल्या बदलांवरून आठवले. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या धर्तीचे यंत्र) बसवण्याची पद्धत सर्रास आहे आणि रोजच्या वापरासाठी ती चांगलीच आहे. पण काढलेला डायनॅमो आणि त्याचा कट-आउट (बॅटरीतली वीज उलटी वाहू न देणारा स्विच) विकू नये. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, आणि तेथे गाडी मूळ स्वरूपात असण्याला महत्त्व आहे. घाटमाथांची १९७८ ची गाडी २०२८ मध्ये त्या वयाला पोहोचेल. तिसऱ्या ट्रंकेतले कार्बन ब्रश तेव्हा कामाला येतील.

घाटमाथा :
सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर बसून मी तिन्ही ट्रंका लावल्या. पहिल्या ट्रंकेतले रबर, एकेका जातीचा एक नमुना माप लिहून ठेवून, बाकी सगळे टाकून दिले. मामांना फोनवर हे सांगताना आवाज थोडा खाली गेला, पण ते स्वतःच म्हणाले की, त्या वेळी बेल्ट सात-आठ घेतले की दुकानदार एक फुकट देत असे. बेअरिंगांपैकी तीन वाचली. डिकीसाठी एक लहान पेटी केली आहे आणि तिच्यात जुळवलेला डिस्ट्रिब्युटर, चालता काढलेला कॉइल, ताजा फॅन बेल्ट, पंपाचा डायफ्रॅम, वरचा व खालचा होज, क्लिपा, एक मीटर पेट्रोल नळी, फ्यूज, बल्ब, ब्रेक ऑइलची न फोडलेली बाटली आणि वायरचा गुंडाळा एवढेच आहे. पेटीचे वजन नऊ किलो भरले. व्हील सिलिंडर किंवा क्लच प्लेट मी डिकीत ठेवणार नाही, कारण ते रस्त्याच्या कडेला बदलण्याची माझी तयारी नाही आणि ज्या गावात ते बदलता येईल त्या गावात कुरिअरही पोहोचते.

डुक्करफियाट यांचा प्रश्न मात्र मनात राहिला. तिसऱ्या ट्रंकेत मागच्या दिव्यांची भिंगे मोजली तर उजवीकडची पाच निघाली आणि डावीकडचे एकही नाही. माझ्या गाडीवरचे डावे भिंग तडकलेले आहे. उजवीकडची दोन ठेवून तीन देण्याची माझी तयारी आहे.

रबरी :
डावीकडची माझ्याकडे दोन आहेत आणि उजवे भिंग मी गेली दोन वर्षे लाल सेलोफेन लावून चालवतो आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. भिंग कापसात बांधावे, रबरबँड लावू नये. दोन महिन्यांत तो वितळून त्यावर चिकटतो.

डुक्करफियाट :
उरलेल्या दोनांपैकी एक कोकणकाठांना द्यावे, त्यांनी मागच्या पावसाळ्यात विचारले होते. माझ्या गाडीला ती बसत नाहीत.